अर्धा चेहरा गावाचा

मंडळी, कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात डॉक्टर माणूस एकटा उभा राहिलेला आम्ही तरी पाहिलेला नाही. हृदयाच्या डॉक्टरांभोवती कोलेस्टेरॉलवाल्यांचा घोळका असतो. हाडांच्या डॉक्टरांसमोर एकामागून एक गुडघे हजर होतात. दातांच्या डॉक्टरांना चिरोटा खाता खाता तोंड उघडून दाखवणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. आम्हां इंजिनिअरांना कोणी काही विचारत नाही. हॉलचा माइक बंद पडला तरच हाक येते. पण आमच्या मंडळात एक डॉक्टर असे आहेत, की ज्यांच्या वाट्याला आमच्यासारखंच एकटेपण येतं. ते भाजलेल्या माणसांचे सर्जन आहेत. "मी बर्न्सचं काम करतो," असं त्यांनी सांगितलं, की समोरचा "अरे बाप रे!" म्हणतो आणि चटणी आणायला निघून जातो.

दोन एकटी माणसं बटाटेवड्याची बशी घेऊन एकाच कोपऱ्यात उभी राहिली, की ओळख व्हायचीच. तशी आमची झाली, आणि गेली काही वर्षं आम्ही त्यांना जमेल तितके प्रश्न विचारून पिडत आलो आहोत. त्यातलं थोडंसं या वेळच्या लेखात.

आमची पहिली समजूत अशी होती, की सर्जन म्हणजे सुरी. डॉक्टर म्हणाले, "अहो, सुरीच्या आधी गणित." माणूस किती भाजला, ते टक्क्यांत मोजतात. त्याला नवाचा नियम म्हणतात. मोठ्या माणसाचं डोकं ९ टक्के, एकेक हात ९, एकेक पाय १८, छाती-पोट मिळून १८ आणि पाठ १८. झाले ९९, उरलेला १ टक्का जांघेचा. लहानसहान भाग मोजायचा तर रोग्याचा स्वतःचा तळहात बोटांसकट साधारण १ टक्का धरतात. देवाने माणसाच्या हाती फूटपट्टी देऊनच त्याला खाली पाठवला आहे, हे आम्हां इंजिनिअरांना फारच आवडलं.

पुढचं गणित पाण्याचं. भाजलेल्या शरीरातून पाणी झिरपत राहतं. किलोतलं वजन, भाजलेले टक्के आणि ४, यांचा गुणाकार केला की पहिल्या २४ तासांत शिरेतून किती मिलिलिटर क्षारयुक्त पाणी द्यायचं त्याचा अंदाज मिळतो. ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला, तर ९६०० मिलिलिटर, म्हणजे साडेनऊ लिटरहून अधिक! त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. आणि हे ८ तास इस्पितळाच्या दारात आल्यापासून नव्हे, भाजल्या क्षणापासून मोजायचे. हा नुसता आरंभाचा आकडा. पुढे लघवी किती होते ते पाहून कमी-जास्त करतात. सुरी अजून ट्रेमध्येच आहे.

सुरी हातात येते ती जळलेली कातडी काढण्यासाठी. पूर्वी खपली आपोआप सुटेपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहत. तोवर जंतू आत शिरत आणि माणूस हातचा जाई. मारिबोर हे आज स्लोव्हेनियात असलेलं गाव. तिथल्या झोरा यान्झेकोविच या बाई सर्जननी ही वाट पाहणं सोडून दिलं. भाजल्यावर थोड्याच दिवसांत मेलेली कातडी पातळ थरांनी तासत जायचं, आणि खालून जिवंत, रक्त येणारा थर लागला की तिथे थांबून लगेच नवी कातडी बसवायची. १९७० साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि जगभरच्या इस्पितळांनी ती उचलली. सुताराचा रंधा जसा चालतो तसं हे काम. फरक इतकाच, की सुताराला लाकडाची खालची फळी जिवंत आहे की नाही, याची चिंता नसते.

नवी कातडी आणायची कुठून? रोग्याच्याच मांडीवरून, पाठीवरून. एक मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा पापुद्रा यंत्राने सोलून काढतात. तो पुरेनासा असला, की दुसऱ्या यंत्रातून त्याला बारीक चिरा पाडतात. त्याची जाळी होते आणि ती ताणली की एकाच्या जागी तीनपट जागा झाकते. जाळीची भोकं आपोआप भरून येतात. ज्या मांडीवरून पापुद्रा काढला तीही दोनेक आठवड्यांत भरते. आणि हे सगळं चालतं कुठे? तर ३० अंशांच्या आसपास तापवलेल्या थिएटरमध्ये, कारण कातडी गेलेल्या माणसाला अंगातली ऊब राखता येत नाही. डॉक्टर म्हणतात, "बाहेर जानेवारी, आत डोंबिवलीचा मे. डोक्यापासून पायापर्यंत गाऊन घालून चार तास उभं राहायचं."

आम्हाला सगळ्यांत मोह पडला तो झेड-प्लास्टीचा. भाजल्याचा वण आवळत जातो. हनुवटी छातीला चिकटते, कोपर सरळ होत नाही. अशा आवळलेल्या वणावर मधे एक रेघ आणि दोन टोकांना दोन तिरप्या रेघा, असा इंग्रजी झेड कापतात. त्यातून कातडीचे दोन त्रिकोण सुटतात. त्यांची अदलाबदल केली, की कातडीचा एक कणही बाहेरून न आणता वणाची लांबी वाढते. ६० अंशांचा कोन असेल तर कागदावरच्या हिशेबाने ७५ टक्के! आम्ही घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद कापून पाहिले. आमच्या सौ.नी विचारलं, "आकाशकंदील आत्तापासून?" तरी आम्ही मागे हटलो नाही.

एवढं कळल्यावर आम्ही डॉक्टरांना म्हणालो, "म्हणजे कातडी बसली, वण मोकळा झाला, की काम संपलं." डॉक्टर हसले. म्हणाले, "तिथे तर सुरू होतं." बसवलेली कातडीही आवळते, म्हणून महिनोन्‌महिने पट्ट्या, व्यायाम, मालीश. वण उंच होऊ नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे कपडे, ते दिवसाचे २३ तास, वर्षभर किंवा त्याहूनही जास्त. लहान मूल असेल तर मूल वाढतं पण वण त्याच्या बरोबरीने वाढत नाही, म्हणून दर काही वर्षांनी पुन्हा थिएटर. "आणि हे सगळं उत्तम झालं तरी," ते म्हणाले, "चेहऱ्याचं निम्मं काम माझं. उरलेलं निम्मं माझ्या हातात नसतं. कोणाच्या हातात असतं, ते बघायचं तर एकदा ईस्ट ग्रिनस्टेडला जाऊन या."

गेलो. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून तासाभराची गाडी. ससेक्समधलं टुमदार गाव. तिथल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये आजही भाजलेल्यांवर उपचार होतात. १९३९ साली तिथे आर्चिबाल्ड मॅकइंडो नावाचे सर्जन आले. जन्म १९०० सालचा, न्यूझीलंडच्या ड्युनेडिनचा. म्हणजे तेही आपल्यासारखेच परदेशातून इथे येऊन स्थिरावलेले. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या आकाशात लढाई पेटली. विमानाला गोळी लागली, की पेट्रोलचा भडका वैमानिकाच्या थेट तोंडावर येई. विशी-बाविशीची पोरं, चेहरा आणि हात जळून या गावात येऊ लागली.

तेव्हाचा सरकारमान्य उपाय होता टॅनिक आम्ल. बाभळीच्या सालीत असतं ते, चांभार कातडं कमावायला वापरतात ते. त्याने जखमेवर टणक कवच येई, पण त्याखाली बोटं एकमेकांना चिकटून जात आणि पापण्या ओढल्या जात. मॅकइंडोंच्या लक्षात आलं, की जी पोरं विमानातून समुद्रात पडली त्यांच्या जखमा बऱ्या दिसतात. त्यांनी टॅनिक आम्लाविरुद्ध भांडण मांडलं आणि मिठाच्या कोमट पाण्याची आंघोळ सुरू केली. मग दंडाच्या आतल्या बाजूच्या पातळ कातडीच्या नव्या पापण्या, कपाळाच्या कातडीचं नाक. एकेका चेहऱ्याला अनेक ऑपरेशनं आणि कित्येकदा काही वर्षं लागत.

पण मॅकइंडोंनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात नव्हती. वॉर्ड क्रमांक तीनमध्ये त्यांनी बिअरचं पिंप ठेवू दिलं. रोग्यांना इस्पितळाचे निळे कपडे न देता त्यांचे स्वतःचे लष्करी गणवेश घालू दिले. आणि गावातल्या लोकांना सांगितलं, की ही पोरं रस्त्यावर, पबमध्ये, सिनेमाला येतील; त्यांना घरी बोलवा. पहिल्या महायुद्धानंतर सिडकपच्या अशाच एका इस्पितळाबाहेर काही बाकं निळी रंगवलेली असत, म्हणे. निळ्या बाकावर बसलेल्याचा चेहरा बघवणार नाही, अशी गावकऱ्यांना आगाऊ सूचना. ईस्ट ग्रिनस्टेडने असं बाक ठेवलं नाही. त्यांनी पोरांना चहाला बोलावलं, नाचायला बोलावलं. काहींची लग्नं तिथल्याच परिचारिकांशी झाली. ‘टक लावून न बघणारं गाव’ असं त्या गावाचं नावच पडलं.

या पोरांनी जुलै १९४१ मध्ये एक मंडळ काढलं. नाव ‘गिनी पिग क्लब’, कारण आपल्यावर नवनवे प्रयोग होतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. युद्ध संपेपर्यंत सभासद ६४९. आता मंडळ म्हटलं, की कार्यकारिणी आलीच. तर खजिनदार त्यांनी असा निवडला, की ज्याचे पाय भाजले होते, म्हणजे पैसे घेऊन पळायला नको. चिटणीस असा, की ज्याची बोटं भाजली होती, म्हणजे लांबलचक इतिवृत्त लिहायला नको. आमच्या मंडळाची वार्षिक सभा आठवून आम्ही तिथल्या तिथे मोठ्याने हसलो. हा क्लब दरवर्षी भेटत राहिला तो थेट २००७ सालापर्यंत. मॅकइंडो त्याआधीच, १९६० साली गेले. गावात २०१४ साली त्यांचा पुतळा उभारला. एक वैमानिक खुर्चीवर बसला आहे, भाजलेले हात मांडीवर आणि चेहरा आकाशाकडे वळलेला. मागे मॅकइंडो त्याच्या खांद्यांवर हात ठेवून उभे. शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज यांच्या वडिलांवर स्वतः मॅकइंडोंनी उपचार केले होते.

आता कपाळाच्या कातडीचं ते नाक. ती विद्या या देशात आली कुठून? मंडळी, बसल्या जागी ताठ बसा. पुण्याहून!

इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची आणि भुवयांमधला चिंचोळा पट्टा न तोडता ती उलटवून नाकाच्या जागी बसवायची. तो पट्टा महत्त्वाचा, कारण रक्त त्यातूनच येतं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं. सवाई माधवरावांचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचंही चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत पत्ररूपाने छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला, १८१४ साली लंडनमध्ये ते ऑपरेशन करून दाखवलं आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं.

सुश्रुताचं नाव आपण सभांमधून अभिमानाने घेतो, आणि घ्यावंच. पण पुण्याच्या त्या विटा करणाऱ्याचं नाव त्या पत्रात नाही. रोग्याचं नाव आहे, पाहणाऱ्यांची आहेत, चितारणाऱ्याचं आहे. नाक घडवणाऱ्याचं तेवढं नाही. ‘प्लास्टिक सर्जरी’तल्या प्लास्टिकचा आपल्या डब्याबादल्यांशी काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, मातीला आकार देणं. म्हणजे मातीत हात घालणाराच या धंद्याचा खरा मूळपुरुष म्हणायचा.

तर हात आपल्याकडे होते. गावाचं काय? हा प्रश्न ईस्ट ग्रिनस्टेडहून परतताना गाडीत आमच्या मनातून जाईना. आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘स्टोव्हचा भडका’ एवढ्या चार ओळींत कितीतरी सुना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर संपल्या. ज्या वाचल्या त्यांच्यासाठी निळं बाक रंगवायची गरजच पडली नाही. घरातली आतली खोली होतीच.

आणि हे फक्त तिकडचंच नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणपतीला एक मुलगा आला. नुकताच मास्टर्ससाठी आलेला, लहानपणी मान, जबडा आणि एक हात भाजलेला. महाप्रसादाच्या रांगेत त्याला एकाने विचारलं, "कसं झालं रे?" पुढे दुसऱ्याने, "लहानपणीच का?" तिसरीने, "आता काही करता येत नाही का त्यावर?" विचारणारे सगळे भले लोक. आपल्या माणसांची चौकशी मायेचीच असते. पण एकाच रांगेत सात वेळा झाली, की मायेचाही चटका बसतो. मुलगा ताट तसंच ठेवून दाराकडे निघाला होता. तेवढ्यात मंडळाच्या एका जुन्या आजींनी त्याला अडवलं. त्यांनी ना चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, ना मुद्दाम नजर चुकवली. म्हणाल्या, "अरे, आरतीला झांजा वाजवायला कोणी नाहीये. ताल येतो ना तुला? मग धर." आणि त्याच्या भाजलेल्याच हातात झांज दिली. तो मुलगा यंदा आमचा खजिनदार आहे. त्याचे पाय मात्र उत्तम चालतात, तेव्हा सभासदांनी हिशेब नीट तपासावेत.

डॉक्टरांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघा, आजींनी माझं अर्धं काम केलं."

आता थोडं व्यवहाराचं, कारण फराळाची कढई सगळ्यांच्याच घरी चढते. आणि लहान मुलं भाजतात ती बहुधा कढईने नव्हे, टेबलाच्या कडेला ठेवलेल्या आपल्या चहाच्या कपाने. भाजलं की लगेच नळाचं थंड वाहतं पाणी, घड्याळ लावून २० मिनिटं. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको, हळद नको. वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म अलगद ठेवा, उरलेलं अंग उबेत ठेवा आणि डॉक्टर गाठा. डॉक्टर म्हणतात, ही २० मिनिटं नीट पाळली तर त्यांच्याकडचे कितीतरी लोक त्यांच्याकडे येणारच नाहीत, आणि त्यांची काही हरकत नाही.

शेवटची गोष्ट त्वचादानाची. अर्ध्याहून अधिक भाजलेल्या माणसाच्या अंगावर पापुद्रा काढायला जागाच उरत नाही. अशा वेळी दुसऱ्याची कातडी बसवतात. दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती नाकारतं, पण तेवढ्या अवधीत पाणी झिरपणं थांबतं, जंतू बाहेर राहतात, वेदना कमी होतात आणि माणूस तगतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी सुरू झाली. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये झाली, पुण्यातही झाली. मृत्यूनंतर पेढीची माणसं घरी येतात आणि मांड्या, पाय, पाठ यांवरचा पातळ थर घेतात. पाऊण तासाचं काम. देह विद्रूप होत नाही, रक्त वाहत नाही, रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरीनमध्ये ती कातडी पाच वर्षांपर्यंत टिकते. अट एकच: मृत्यूनंतर ६ तासांच्या आत.

लंडनहून मुंबईचं विमान ९ तास घेतं. म्हणजे ज्यांचे आई-वडील तिकडे आहेत, अशा आपल्यातल्या कोणालाही त्या ६ तासांत तिथे पोचून काही ठरवता येणार नाही. जे बोलायचं ते आधीच बोलायला हवं. हे कसं काढायचं, म्हणून आम्ही दोन रविवार फोनवर नुसतं हवापाणी विचारत बसलो. तिसऱ्या रविवारी एकदाचं विचारलं. डोंबिवलीहून बाबा शांतपणे म्हणाले, "माझी काही ना नाही. पण त्या दिवशी पेढीला फोन तू करणार नाहीस आणि तुझ्या आईच्यानेही होणार नाही. तेव्हा नंबर शेजाऱ्यांकडे देऊन ठेव." मागून आईचा आवाज आला, "आणि माझंही नाव सांग म्हणावं."

नंबर आता दोन्ही घरांच्या फ्रिजवर लावलेला आहे, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या. मंडळी, रविवारचा फोन तुमच्याही घरून जातोच.